डिकी रिकामी हाय का?

गावाला निघालेल्या माणसाला लोक विचारतात, कधी परतणार, कुठे उतरणार, पोरांना नेताय का. आप्पा विचारतात, "गाडी कुठली? डिकी रिकामी हाय का?" त्यामुळे आमच्या कोल्हापूरच्या कॉलनीत मुंबईला निघालेला माणूस बॅगा रात्री दहानंतर गाडीत ठेवतो. उपयोग होत नाही. दूधवाल्याला 'दोन दिवस नको' म्हटलं की ती बातमी दुधाच्या आधी आप्पांच्या दारात पोचते. सकाळी गाडी बाहेर काढावी तर आप्पा फाटकाशी उभे असतात, एका हातात टेप आणि दुसऱ्या हातात काकूंची जुनी वाकळ.

आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर कालव्याची खोदाई घनमीटरमध्ये मोजली, आता लोकांच्या डिक्या मोजतात. त्यांच्याकडे १९८४ सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. ती चालते, हे आधीच सांगितलेलं बरं. दर रविवारी आप्पा-काकूंना घेऊन ती जोतिबाचा डोंगर चढते आणि वर पोचल्यावर देवाच्या आधी तिलाच पाणी घालावं लागतं.

जुन्या गाड्या बाळगणारे श्रीमंत लोक वेगळे. ते रॅलीत फेटा बांधून बसतात आणि पार्ट त्यांच्याकडे चालत येतो. आप्पा पेन्शनीवर गाडी बाळगणाऱ्यांपैकी. असा एक माणूस आपल्याकडे गावोगाव असतो. सांगलीत एक आहे, त्याची अँबेसिडर. कराडला एक आहे, त्याची काँटेसा. या मंडळींची एकमेकांशी फोनवर तासतासभर बोलणी चालतात. ऐकणाऱ्याला वाटतं, गाड्यांविषयी बोलत असतील. छे! बोलणं सगळं भाड्याविषयी.

कारण पॉइंट, प्लग, कार्ब्युरेटरचा जेट हे काही दुखणं नव्हे, ते पाकिटातून येतं. दुखणं आहे बॉनेट, दार, मडगार्ड, बंपर. हे पार्ट भंगारात स्वस्त मिळतात आणि मिळतात तिथेच राहतात. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीत. ती २००० सालाच्या सुमारास बनायची थांबली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत मात्र ती पुढे वीसेक वर्षं तगली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा; त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तिचा हिशेब संपला. त्या आठवड्यात पेपरांनी केवढे गळे काढले! आप्पांनी ती बातमी शांतपणे वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता बंपर उतरणार." पाठोपाठ दुसरं वाक्य, "पण आणायचा कसा?"

कुर्ल्यातलं एक दृश्य मी स्वतः पाहिलं आहे. माझी डिकी सामानानं भरलेली निघाली म्हणून (निघाली म्हणजे मीच भरली होती) आप्पांनी नाइलाजानं एका कुरियरचं ऑफिस गाठलं. बॉनेटला लाकडी चौकट ठोकून घेतलेली. काट्यावर वजन भरलं बावीस किलो. आप्पा खूश. मग काउंटरवरच्या पोरानं टेप काढला. दुसऱ्याच्या हातात टेप दिसला की आप्पा सावध होतात.

"एकशे वीस, एकशे वीस, तीस," पोरगा म्हणाला. "भागिले पाच हजार. काका, शहाऐंशी पॉइंट चार किलो."

"काटा बावीस म्हणतोय."

"ते खरं वजन. भाडं व्हॉल्यूमचं लागतं."

"म्हणजे मधले चौसष्ट किलो कसले?"

पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "हवेचे."

"कुर्ल्याची हवा मी कोल्हापूरला नेऊन काय करू?"

मागे रांग वाढत होती. आप्पांनी पिशवीतून पान्हा-पक्कड काढली आणि तिथेच चौकट खोलायला घेतली. उंची तीसवरून पंधरावर आली. शहाऐंशीचे त्रेचाळीस झाले. आप्पांना चव लागली. त्यांनी उरलेलं लाकूडही काढून टाकलं. मग पोरगा म्हणाला, बिनापॅकिंग माल आम्ही घेत नाही. म्हणजे पॅक केला तर परवडत नाही आणि उघडा घेत नाहीत. "पॅकिंग म्हणजे काय, तर पैसे घालून मोठी केलेली वस्तू," हा सिद्धांत आप्पांनी त्या काउंटरवर मांडला, आणि तेव्हापासून त्यांच्या घरातल्या वाकळा प्रवासाला लागल्या. वाकळ पत्र्याला अंगासरशी बसते, वर सुतळी आवळली की उंची दोन इंचही वाढत नाही. काकूंच्या आईनं शिवलेली एक वाकळ आतापर्यंत काकूंपेक्षा जास्त वेळा मुंबईला जाऊन आली आहे.

ते बॉनेट रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलं. गोव्याकडे जाणारी बस गावात शिरत नाही. तावडे हॉटेलपाशी पहाटे चारला हायवेलाच उभी राहते, तीही इंजिन न बंद करता. क्लीनर खाली उडी मारणार, डिकीचं झाकण उचलणार, आणि तेवढ्यात आपला माल ओळखून ओढून घ्यायचा. आप्पा तीनपासूनच मफलर गुंडाळून तिथे उभे असतात. झाडून सगळे क्लीनर त्यांना ओळखतात. एकदा वाकळेत गिअरबॉक्स होता आणि तेल पुरतं काढलं नव्हतं. त्या रात्री डिकीत कुणाच्या तरी साखरपुड्याच्या साड्या होत्या. तेव्हापासून क्लीनर आधी वाकळेला नाक लावतात.

रेल्वेचं आप्पांना मनापासून कौतुक. गोणपाटात शिवून, वर पांढऱ्या रंगानं नाव-गाव घालून पार्सल महालक्ष्मी एक्सप्रेसच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवलं की वजनाच्या मानानं स्वस्त पडतं. शिवाय कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन. रूळच पुढे नाहीत, तर माल पुढे जाणार कुठे? भीती फक्त अलीकडची. मिरज जंक्शन, तिथे कुणी चुकून उतरवून घेतलं तर? म्हणून आप्पा आदल्या रात्रीच मिरजेला जातात, फलाटावर ब्रेकव्हॅनच्या दारातून आपलं गोणपाट दिसतं का बघतात आणि त्याच गाडीत बसून त्याच्याबरोबर परत येतात. या फेरीचा खर्च ते भाड्यात धरत नाहीत. "ते मी माझ्या हौसेनं जातो," म्हणतात. पार्सल ऑफिसातून माल मात्र लगोलग सोडवतात, कारण वेळेत उचलला नाही तर व्हार्फेज चढतं आणि व्हार्फेज म्हणजे आप्पांच्या लेखी बेअब्रू.

२०२२च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी फुकट झाली, तेव्हा आप्पांचं वय चौऱ्याहत्तर होतं. ते एक वर्ष त्यांनी कसं काढलं ते आम्हाला माहीत. मधेच २०२३च्या मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं. आप्पांनी हिशेब मांडला, "मी फुकट, ही अर्धी. म्हणजे अर्ध्या तिकिटात चार हात." पंचाहत्तरीला मुलांनी हॉल घेतला होता, पण उत्सवमूर्तींचं लक्ष पुण्याच्या एका भंगारवाल्याकडे. दुसऱ्याच दिवशी दोघं स्वारगेटच्या गाडीत.

परतताना बंपर काकूंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून दोन सीटांच्या मधल्या वाटेत ठेवला होता. कंडक्टरनं विचारलं, "हे काय?"

"बंपर."

"कसला, लॉटरीचा?"

कंडक्टर हसला आणि हसतहसत लगेजचं तिकीट फाडलं. आप्पा साताऱ्यापर्यंत वाद घालत होते. "माणूस फुकट आणि लोखंडाला तिकीट? लोखंड काय म्हातारं नाही? चाळीस वर्षं झाली त्याला!" शेवटी पैसे काकूंनी काढून दिले.

काकू या प्रकरणात फारसं बोलत नाहीत, पण एकदा चहा देतादेता म्हणाल्या, "लग्न झाल्यावर मला माहेरून आणायला हे कधी आले नाहीत. भाऊ आणून सोडायचा. गाडीच्या दाराला आणायला मात्र स्वतः कुर्ल्याला गेले."

आप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुझा भाऊ फुकट आणून सोडत होता."

ते दारही काही सरळ आलं नाही. भाच्याचं लग्न दादरला, वऱ्हाडाची बस कोल्हापूरची. येताना बसमध्ये निम्म्या जागा रिकाम्या राहणार, हे आप्पांनी पत्रिका हातात पडली तेव्हाच ओळखलं होतं. लग्नाच्या सकाळी दार चादरीत गुंडाळून कार्यालयात आलं आणि जागा मिळेना म्हणून रुखवताच्या टेबलाशेजारी उभं राहिलं. मुलाकडच्या एका आजीबाईंनी चादरीचं टोक उचलून पाहिलं. पुढे बराच वेळ मुलाकडच्या बायकांत कुजबुज चालली होती, की मुलीकडचे गाडी देतायत, पण हप्त्याहप्त्यानं.

आप्पांना हसणं सोपं आहे. पण मालवाहतुकीतलं जे मर्म शिकलेल्या माणसांना कळत नाही, ते त्यांना पक्कं कळलं आहे: भाडं किलोमीटरवर ठरत नाही, गाडी कुठून रिकामी परततेय त्यावर ठरतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून कास्टिंग भरून ट्रक पुण्या-चाकणला जातात. परत येताना भरलं तर भरलं. गुळाच्या हंगामात ट्रक गुजरातला जातात, त्यांनाही परतीचा माल हवाच असतो. जाताना ज्या ड्रायव्हरशी बोलायची सोय नाही, तोच येताना मडगार्डाला "टाका की काका मागं" म्हणतो. आप्पांच्या डोक्यात महाराष्ट्राचा नकाशा असा रिकाम्या गाड्यांचाच आहे. तुम्ही नगर म्हणा, ते तिथून कांदा कधी निघतो ते सांगतील.

ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनचा रस्ताही त्यांनी बसवला आहे. तिथली अडचण अशी की एका दाराची बिल्टी केली तरी भाडं किमान वजनाचं द्यावं लागतं, वर हमाली आणि बिल्टीचा खर्च वेगळा. यावर आप्पांनी सांगली, कराड धरून चौघांची बिल्टीची भिशी काढली. चौघांचे पार्ट कुर्ल्याच्या भंगारवाल्याच्या माळ्यावर जमत राहतात. वजन भरलं की एकच बिल्टी, 'टू पे', गोडाऊन डिलिव्हरी. भाडं वजनाप्रमाणे वाटून घ्यायचं. योजना उत्तम, फक्त वजन भरायला दोन-दोन महिने जातात. गेल्या पावसाळ्यात सांगलीकरांची अँबेसिडर गिअरबॉक्सविना दारात उभी होती आणि गिअरबॉक्स आप्पांच्या डिकीच्या झाकणाची वाट बघत माळ्यावर पडला होता. सांगलीकर चिडून म्हणाले, मी एकट्याचं भाडं भरतो. आप्पांनी त्यांना तासभर समजावलं. तो माणूस रडकुंडीला येऊन गप्प बसला, पण भिशी फुटली नाही.

मी एकदा भीतभीत सुचवलं, "आप्पा, पद्मिनीवर कॅरिअर आहे. तीच घेऊन मुंबईला गेलात तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काकू आतून बाहेर आल्या. "पावणेचारशे किलोमीटर? टपावर बोजा घालून? तिला?"

या सगळ्याची नोंद एका लांबट वहीत असते. रकाने तीनच: पार्ट, भाडं, वाचले. बॉनेट अडीच हजार, भाडं चारशे, वाचले बत्तीसशे. हे बत्तीसशे त्या कुरियरवाल्या पोरानं सांगितलेल्या आकड्यातून आले. क्लीनरचा चहा, रिक्षा, मिरजेची फेरी, डागळलेल्या साड्यांची भरपाई यांना रकाना नाही. तिसऱ्या रकान्याची बेरीज आता एवढी झाली आहे की, आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यात एक नवी गाडी सहज आली असती. "मग घ्या की," मी म्हटलं. "पैसे कुठायत?" ते म्हणाले. "ते वाचलेत."

परदेशही सुटलेला नाही. पुतण्या जर्मनीत असतो. पद्मिनी मूळची इटलीची, फियाटची अकराशे, म्हणून तिकडच्या जुन्या बाजारातून मागच्या दिव्याची काच आणायचं काम त्याच्याकडे आहे. त्याला आप्पांनी कळवलंय, विमानाच्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर चालते, तू कपडे कमी आण.

सध्या प्रश्न मागच्या मोठ्या काचेचा आहे. काच सुरतेत मिळाली. कुणीही हात लावायला तयार नाही. आणि जो तयार आहे तो बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का मारतो, तोही दोनदा. पण परवा रात्री आप्पा माझ्याकडे आले ते खुशीत. गुजरातेतून काचेच्या शीटा घेऊन ट्रक कोल्हापुरात येतात. आत उतरती लाकडी घोडी असते, तिच्यावर शीटा उभ्या टेकवून बांधतात. त्यांच्यातच आपली एक काच. ड्रायव्हर कबूल, भाडं किरकोळ, ट्रक भरूचला भरणार. फक्त सुरतेहून भरूचपर्यंत काच कुणीतरी नीट आणून द्यायला हवी.

"तुझा मेव्हणा भरूचला असतो न्हवं?" त्यांनी विचारलं.

"असतो."

"स्वभावानं कसा हाय?"

"चांगला आहे की."

आप्पांनी खिशातून टेप काढला. "आणि दोन्ही हात पसरले तर किती भरतो?"