दोनशे पंचेचाळीस

काही माणसांना लेबलं चिकटवायची हौस जन्मतःच असते. पूर्वी अशी माणसं पितळी भांड्यांवर नावं घालून घेत, छत्रीच्या मुठीला खुणेचा दोरा बांधत, लग्नातल्या आहेराच्या वह्या सालवार लावून ट्रंकेत ठेवत. घरचे हसत, पण जेवणावळीत पातेलं हरवलं की त्यांच्याकडेच धावत. या हौसेला शास्त्राचा आधार तेवढा नव्हता. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका पोराला तो मिळाला. त्यानं मुक्त विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला नाव घातलं आणि चंदगड तालुक्यातल्या आमच्या गावाची झोप उडाली.

पहिली झोप त्याच्या आईची उडाली. संगणकात पुस्तकाची नोंद करायच्या पद्धतीला मार्क म्हणतात, आणि हल्ली चालते ती मार्क एकवीस. पोरगा दिवसभर फोनवर ‘मार्क एकवीस, मार्क एकवीस’ करतोय हे ऐकून माउलीनं मला देवळापाशी गाठलं. म्हणाली, “गुरुजी, शंभरातले एकवीस म्हणजे नापासच की हो!”

या मार्कात पुस्तकाच्या प्रत्येक गोष्टीला एक आकडा असतो. लेखक शंभरात, आयएसबीएन वीसमध्ये, पानं आणि उंची तीनशेत, आणि पुस्तकाचं नाव दोनशे पंचेचाळीसमध्ये. त्यामुळे आमचा विद्यार्थी ‘काय वाचताय?’ असं विचारीनासा झाला. “गुरुजी, तुमच्या हातातल्याचं दोनशे पंचेचाळीस काय?” असं विचारू लागला. गावानं आठवड्याच्या आत त्याचंच नाव दोनशे पंचेचाळीस ठेवलं. त्याला राग आला नाही. फक्त एवढंच म्हणाला, की व्यक्तीचं नाव दोनशे पंचेचाळीसमध्ये येत नाही, ते शंभरात घालावं लागतं.

तीनशेचा आकडा आल्यापासून त्याच्या खिशात पट्टी असते. पुस्तकाची उंची सेंटिमीटरात लिहायची, आणि एकवीसच्या वर दोन काड्या जरी गेल्या तरी बावीस धरायची, असा नियम आहे. आमचे ग्रंथपाल तात्या इतकी वर्षं पुस्तकं नुसती लोकांना देत आले. ती मोजून द्यायची असतात हे त्यांना या वयात कळलं. पहिल्या दिवशी ते कौतुकानं बघत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “काय गा, शर्ट शिवतोस काय पुस्तकांस?”

मग कोहा आलं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या वाचनालयांची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडलं की बंद पडणार होती, म्हणून त्यांनी ही नवी करून घेतली आणि जगाला फुकट देऊन टाकली. हा इतिहास दोनशे पंचेचाळीसनं कार्यकारिणीपुढं अर्धा तास सांगितला. कार्यकारिणीला त्यातला ‘फुकट’ एवढा शब्द ऐकू आला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. कोहा लिनक्सवर चालतं. लिनक्स घालताना त्यानं विंडोज काढलं, आणि विंडोजबरोबर आमचा वार्षिक अहवालही गेला. जी पुस्तकयादी वाचली ती जुन्या डीटीपीच्या फाँटात होती. ती युनिकोडमध्ये उघडली तेव्हा पडद्यावर कंस, टक्के, डॉलर आणि उद्गारचिन्हं यांची जत्रा भरली. त्या जत्रेकडे बघून तो हरखून म्हणाला, “म्हणजे सगळं पहिल्यापासून करायला मिळणार!” दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. या जातीच्या माणसाला काम वाढल्याचा आनंद होतो, आणि म्हणूनच मला ती जात थोडी भीतिदायक वाटते.

नवीन जे काही निघेल तिथं त्याचं खातं असतं. झोटेरोवर आहे, मेंडेलेवर आहे, कॅनव्हावर तर तीन आहेत, कारण आधीच्या दोन्हींचे पासवर्ड गेले. पासवर्ड परत मिळवायचा तर ओटीपी लागतो, आणि ओटीपी हा आमच्या भागात भौगोलिक प्रश्न आहे. हद्दीवरचं गाव. फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी कर्नाटकाचा, आणि पावसाळ्यात कुणाचाच नाही. भर आषाढात तो इरलं डोक्यावर घेऊन वाचनालयामागच्या टेकाडावर उभा असतो. वरून ओरडतो, “आला, आला!” खाली तात्या आकडे टाइप करतात तोवर दहा मिनिटांची मुदत संपते. पलीकडच्या शेतात रोप लावणाऱ्या बाया सुरुवातीला हसायच्या. आता ओळीनं आकडे त्याच खाली पोचवतात.

पण त्याचा खरा पराक्रम वॉशिंग्टनचा. कोहाला दुसऱ्या ग्रंथालयातली तयार नोंद आणता येते. आपण मेहनत करायची नाही, आयती उतरवायची. दोनशे पंचेचाळीसनं प्रयोगाला पुस्तक निवडलं रणजित देसाईंचं ‘स्वामी’. देसाई कोवाडचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. एसटी वेळेवर असेल तर आमच्याकडून अर्ध्या तासात कोवाड. पण नोंद आली थेट अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून. तिथली मंडळी मराठी नावं रोमन लिपीत लिहितात, आणि शेवटच्या अक्षरातला अ गिळत नाहीत. तात्यांनी चष्मा सारखा करून एकेक अक्षर लावत वाचलं, “र-ण-जि-ता देसाई. ही कोण बाई?”

“बाई नव्हं तात्या, आपले देसाईच.”

“आपले देसाई तिकडं कशाला गेलेत?”

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. त्याचं उत्तर दोनशे पंचेचाळीसनं खणून काढलं, आणि त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले. पी.एल. ४८० नावाच्या कायद्याखाली अमेरिकेचं धान्य आपल्याकडे यायचं आणि त्याची किंमत आपण रुपयांत भरायचो. ते रुपये त्यांना न्यायचे नव्हते, इथंच खर्चायचे होते. त्यातल्या काहींतून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९६२ साली दिल्लीत कचेरी थाटली आणि हिंदुस्थानातल्या भाषांची पुस्तकं घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना धाडायला सुरुवात केली. ‘स्वामी’ही १९६२चीच. तात्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रेशनची लाल मिलो ज्वारी त्यांनी लहानपणी खाल्लेली. म्हणाले, “म्हणजे आम्हांस मिलो देऊन ह्यांनी ‘स्वामी’ नेली! कुणी केला रे हा सौदा?”

नोंदी चढल्या, शोधपेटी सुरू झाली. दोनशे पंचेचाळीसनं ग्रंथपाल दिनाला, १२ ऑगस्टला, गावापुढं प्रात्यक्षिक केलं. आधी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांना हार, मग त्यांच्या १९३१ सालच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांवर भाषण. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, यावर विशेष भर. मग एका आजोबांना पुढं बोलावून ‘स्वामी’ शोधायला सांगितलं. यादीत पहिले आले स्वामी समर्थ, मग स्वामी विवेकानंद, मग स्वामी रामानंद तीर्थ. ‘स्वामी’तले माधवराव पेशवे काही वर येईनात. तेवढ्यात वीज गेली. तात्या काळोखात उठले, तिसऱ्या कपाटाशी गेले आणि पुस्तक काढून आजोबांच्या हातात दिलं. टाळ्या पडल्या. दोनशे पंचेचाळीसनंही मनापासून वाजवल्या, आणि लगेच विचारलं, “तात्या, तुम्ही कुठल्या फील्डवर शोधलंत?”

घरी त्यानं तांदळाच्या कणगीवर ६३३.१८ चिकटवलं, कारण ड्युईच्या वर्गीकरणात भात तिथं येतो. आई म्हणाली, उंदराला वाचता येत नाही. काजूच्या डब्यांवर क्यूआर कोड लावले. ते स्कॅन केले की डब्यात काजू आहेत असं कळायचं. झाकण उघडलं तरी तेच कळायचं, पण त्याला ओटीपी लागत नसे.

आता थकबाकीचं प्रकरण. देवघेवीच्या जुन्या वह्यांतली सगळी परत न आलेली पुस्तकं त्यानं कोहात चढवली, दंड दिवसाला ५० पैसे असा वाचनालयाच्या घटनेत आहे तसा भरला आणि स्मरणपत्रांचं बटण दाबलं. रात्री दोनला नेटवर्क मिळालं, त्यामुळे निरोप रात्री दोनला सुटले. एका फौजीला जम्मूत गेला. त्यानं पहाटे आईला उठवून माळ्यावरची ‘मृत्युंजय’ परत करायला लावली. मुंबईला गेलेल्या एकाच्या भावानं पिशवी भरून पुस्तकं आणून दिली, त्यांतली काही आमची नव्हतीच. आणि एक निरोप आमच्या अध्यक्षांना गेला. २००३ साली नेलेली ‘श्रीमान योगी’, दंड साडेतीन हजारांच्या वर.

अध्यक्ष सकाळी दार उघडायच्या आधी हजर. पुस्तक बगलेत होतं. आवाज खाली आणून म्हणाले, “पोरा, ह्यात माफीचं बटण असेल की.”

“आहे. पण ते अधिकार सुपर लायब्रेरियनला.”

“तो कुठं बसतो? कोल्हापुरास?”

दोनशे पंचेचाळीसनं बोट दाखवलं. नियमाप्रमाणे सर्वोच्च अधिकार ग्रंथपालाला असतात, म्हणून त्यानं ते तात्यांच्या नावानं उघडले होते. तात्या आयुष्यात माऊसला शिवलेले नाहीत. ते वर्तमानपत्राच्या घड्या घालत होते, घालतच राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “पासवर्ड इसरलोय बघा. चार महिने मानधन नाही, डोकं चालत नाही.”

मानधनाच्या बिलावर अध्यक्षांची सही व्हायला पाच मिनिटं लागली. तात्यांना पासवर्ड त्याहून लवकर आठवला. दोनशे पंचेचाळीस संगणकापुढं बसला, दंडाची ओळ उघडली, माफीवर बाण नेला आणि थांबला.

“तात्या, कारण काय लिहू? रकाना रिकामा सोडायचा नाही मी.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी तात्यांकडे.

“लिही,” तात्या म्हणाले, “पुस्तक वाचायला वेळ लागला.”

त्यानं पुस्तक हातात घेतलं, पट्टी काढली, आणि आधी उंची मोजायला लागला.