दाढ कशी गमवावी : नवशिक्यांसाठी

आधी दाढ निवडावी. नवशिक्यांनी अक्कलदाढेच्या नादी लागू नये. ती गेली तर कोणी हळहळत नाही, उलट 'सुटलास एकदाचा' म्हणून मोकळे होतात. जिच्यावाचून भाकरीचा पहिला घास अडेल अशी दाढ घ्यावी. या कामाला खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली मोठी दाढ उत्तम. डॉक्टरांच्या कागदावर हिचा नंबर ३६ असतो. तोंडात दात बत्तीस आणि नंबर ३६, हे कसं, असं वाटेल. तोंडाचे चार भाग करतात. तिसऱ्या भागातला, पुढच्या दातापासून मोजत मागे गेल्यावर येणारा सहावा, तो तीन-सहा. पुढे खुर्चीत आडवं पडून छताकडे बघायचा भरपूर योग आहे, तेव्हा बाकीच्यांचे नंबर लावून पाहावेत.

या दाढेच्या नाशाची तयारी तुमच्या जन्मदात्यांनी परस्पर सुरू करून ठेवलेली असते. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, आणि गुपचूप येते. बाकीचे दात येताना दुधाचा दात हलतो, पडतो, कौलावर टाकला जातो, घरात चर्चा होते. हिच्यासाठी काहीच पडत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे रिकाम्या जागेत ती उगवते, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. 'पडणारच आहे की, कशाला काळजी!' असं म्हणत पहिली-दुसरीतली पेपरमिंटं तिच्यावर सोडली जातात. जन्मभर पुरवायची दाढ आयुष्याची पहिली काही वर्षं पाहुणी म्हणून काढते. तिच्या माथ्यावरच्या खाचाही खोल, ब्रशचे केस तळापर्यंत पोचत नाहीत. कीड लागायला याहून सोयीची जागा तोंडात नाही.

आता प्रत्यक्ष कृती. एके दिवशी गार पाण्याने दाढेतून कळ जाईल. यावर उपाय म्हणजे उजवीकडून पाणी पिणे. दाताच्या वरच्या कठीण थराला संवेदनाच नसते, त्यामुळे कीड तिथे हळूहळू पोखरत असताना तुम्हाला पत्ता लागत नाही. कळ येते तेव्हा ती आतल्या मऊ थरात शिरलेली असते आणि तिथे तिचा वेग वाढतो. या पायरीवर चुकूनही डॉक्टरकडे जाऊ नये. गेलात तर तो एका बैठकीत कीड कोरून सिमेंट भरेल, थोडक्या पैशांत काम संपेल आणि पुढचं सगळं वाचण्याचं कारणच उरणार नाही.

त्यानंतर रात्रीचा ठणका येतो. दिवसभर बरी असलेली दाढ आडवं होताच उसळते, कारण झोपल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. दाढेच्या आतला नसांचा गाभा सुजलेला असतो आणि फुगायला जागा नसते. चहूबाजूंनी टणक भिंती. रात्री दोन वाजता घरातले सगळे जागे होऊन आपापलं ज्ञान देतात. त्यातली लवंग ठेवावी, बाकी सोडावं. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल खरोखरच बधिरपणा आणतं. डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात त्यातही बऱ्याचदा तेच असतं, दवाखान्यात शिरताच येणारा तो ओळखीचा वास त्याचाच. लवंग लागू पडते, आणि घोटाळा तिथेच होतो. ती लागू पडली नसती तर तुम्ही सकाळी नऊला दवाखान्याच्या पायरीवर बसला असतात. शेजारच्या काकू अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी धरून ठेवायला सांगतील. ते मात्र करू नका. हिरडी भाजते, ठणका तसाच राहतो आणि काकूंना तोंड दाखवायची पंचाईत होते.

हे काही रात्री सोसा. मग एक सकाळ अशी उगवेल की दुखणं गायब. थंड नाही, गरम नाही, गोड नाही, काही जाणवत नाही. घरात आनंदीआनंद. नवशिका इथे देवाला नारळ वाढवतो. दाढेच्या आतली नस मेलेली असते, म्हणून कळ थांबलेली असते; दुखवटा पाळायच्या दिवशी आपण पेढे वाटतो. या गोष्टीत दुखणं असं दोनदा थांबतं आणि दोन्ही वेळा माणूस तेच करतो: आपण बरे झालो, असं समजून डॉक्टरला विसरतो. आपल्याकडे उपचार दाढेवर होत नाहीत, कळेवर होतात. कळ गेली की दाढ कोणाची?

काही महिन्यांनी गाल सुजतो. मेलेल्या नसेत वाढलेले जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू साठतो. आता जावंच लागतं. छोटा एक्स-रे काढतात, पांढऱ्या मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते आणि डॉक्टर तीन अक्षरं उच्चारतात: आरसीटी. म्हणजे रूट कॅनाल. इथे घाबरण्याचं नाटक करावं, प्रत्यक्षात घाबरायचं फारसं कारण नाही. इंजेक्शन नीट लागलं तर दुखत नाही. 'दुखलं तर डावा हात वर करा' असं सांगतात. तुम्ही करता. 'झालंच, झालंच' असं उत्तर येतं आणि काम चालू राहतं. हात वर करण्याचा तेवढाच उपयोग, पण बरं वाटतं.

आत काय चालतं ते समजून घ्या, कारण पैसे त्याचेच आहेत. खालच्या मोठ्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या, कधी चौथी दडलेली. केसाएवढ्या सुया घालून त्या नळ्या खरवडायच्या, औषधाने धुवायच्या, कोरड्या करायच्या आणि टोकापर्यंत भरायच्या. भरायला गुलाबी काड्या वापरतात, गटापर्चाच्या. हा आग्नेय आशियातल्या झाडांचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून तारायंत्राच्या तारा टाकल्या तेव्हा खारं पाणी आत शिरू नये म्हणून त्यांच्यावर हाच चढवत. १८७० साली मुंबई एडन-सुएझच्या वाटेने लंडनशी जोडली गेली ती याच चिकाच्या भरवशावर. तुमच्या दाढेतून यापुढे एकही संदेश जाणार नाही, तिथेही तोच भरलाय. तासभर तोंड उघडं असताना मनात यायला एवढा इतिहास पुरे.

आणि दुसऱ्यांदा दुखणं थांबतं.

खरं कौशल्य इथून पुढे लागतं, म्हणून जरा सावकाश वाचा. डॉक्टर म्हणतात, 'आता यावर कॅप बसवू.' दाढ आतून कोरलेली असते, किडीने आधीच बराच भाग खाल्लेला असतो, उरलेल्या भिंती पातळ. चावण्याच्या जोराने त्या फाकू नयेत म्हणून वरून टोपी. हा उपचाराचाच शेवटचा भाग. पण दवाखान्यात तो वेगळा सांगितला जातो, त्याचा दर वेगळा, पावती वेगळी, तारीख वेगळी. आरसीटीचे पाच-सात हजार देऊन झालेले, कळ गेलेली, आणि आता समोर कॅपचं दरपत्रक: साध्या धातूची, धातूवर चिनी मातीची, झिर्कोनियाची. झिर्कोनियात पुन्हा पाच वर्षांची वॉरंटी, दहाची, पंधराची. कार्डसुद्धा मिळतं. वॉरंटी कॅपची असते, खालच्या दाढेची नसते, एवढं लक्षात असू द्या. निवड करता येत नाही म्हणून माणूस म्हणतो, 'घरी विचारून सांगतो.' घरी विचारलं की घरचे विचारतात, 'दुखतंय का?' नाही म्हटल्यावर विषय मिटतो. मग लग्नसराई, मग शाळेची फी, मग गणपती, मग दिवाळीनंतर बघू.

यात डॉक्टरांचा दोष मी थोडा धरतो. दरपत्रकावर एकच रक्कम लिहावी, आरसीटी आणि कॅप मिळून, आणि कॅप बसल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणू नये. त्यांची अडचणही खरी आहे: एकदम मोठा आकडा ऐकला की पेशंट 'काढूनच टाका' म्हणतो. पण हप्त्याने सांगितलेला उपचार हप्त्यावरच अडकतो. मुंबईत नायर दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी केसपेपर काढून गेलात तर खर्च बराच कमी होतो. विद्यार्थी काम करतात, शिक्षक मधूनमधून तपासतात, म्हणून फेऱ्या वाढतात. चिकाटीच्या माणसाची दाढ तिथे वाचण्याचा संभव आहे. दाढ घालवायचीच असेल त्याने तो रस्ता टाळावा.

बिनटोपीची दाढ घेऊन आता वर्षभर मजेत जगावं. तात्पुरतं भरलेलं सिमेंट हळूहळू झिजतं, कडेने लाळ झिरपते. मग संक्रांत येते. कोणीतरी तिळाचा लाडू हातावर ठेवतं, चांगला कडक, पाक जरा पुढे गेलेला. 'कट्' असा आवाज येतो. सुरुवातीला लाडवात खडा होता असं वाटतं. जिभेने चाचपल्यावर कळतं की खडा तुमचाच आहे.

फक्त वरचा कोपरा उडाला असता तर सावरता आलं असतं. पण ही चीर उभी, मुळापर्यंत. मूळ उभं चिरलं की ते जोडायचा खात्रीचा इलाज नाही; फटीतून जंतू हाडापर्यंत जात राहतात. डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरतात, थोडा वेळ काही बोलत नाहीत, मग म्हणतात, 'काढावी लागेल.'

आता चिडावं कोणावर? हा नवशिक्यांना सर्वांत अवघड जाणारा भाग. आधी डॉक्टरवर चिडून पाहावं: एवढे पैसे घेतले आणि दाढ गेलीच! पण त्यांनी कॅपचं सांगितलं होतं आणि फाइलवर तुमच्या सहीखाली ते लिहिलेलंही आहे. मग लाडू करणाऱ्या आत्यावर. ती ऐंशीची आहे आणि तिचे सगळे दात शाबूत. मग साखरेवर, पेपरमिंटांवर, आईवडिलांवर. बायकोवर चिडण्याचा प्रयोग करू नये, तिने दिवाळीआधी आठवण केली होती आणि ती तारीखवार सांगेल. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर निघतो. दात-ओठ खावेत म्हटलं तर तीही सोय एका बाजूने बंद झालेली. सर्वांत जास्त जळतं ते आरसीटीच्या पावतीकडे बघून. न वाचलेल्या दाढेला वाचवण्याचा तो खर्च. पहिल्याच दिवशी काढून टाकली असती तर, हा विचार येणारच. तो येऊ द्यावा, पण त्यावर विसंबू नये. टोपी घातलेल्या अशा दाढा वर्षानुवर्षं चकल्या खातात.

काढण्याचा दिवस त्या मानाने साधा. खालच्या जबड्याचं इंजेक्शन आत, जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. अर्धी जीभ, अर्धा ओठ, हनुवटी बधिर होते. औषधात अ‍ॅड्रिनलिन असतं म्हणून क्षणभर छाती धडधडते, ती भीतीच्या खाती टाकू नये. कळ नसते, दाब मात्र जाणवतो, कारण दाढ उपटत नाहीत, हलवत हलवत भोवतालचं हाड थोडं सैल करतात. चिरलेली दाढ तुकड्यांत निघते. 'घरी नेऊ का?' असं विचारून पाहायला हरकत नाही. मग कापसाचा बोळा दाबून अर्धा-पाऊण तास गप्प. थुंकू नये, स्ट्रॉने ओढून पिऊ नये, गरम नको, सिगारेट-तंबाखू तर मुळीच नको. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच आता त्या हाडाचं पांघरूण; ते निघालं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो ठणका सुरू होतो त्यापुढे मागच्या सगळ्या रात्री किरकोळ वाटतील. आपल्याकडच्या माणसाला थुंकू नका सांगणं ही या उपचारातली सर्वांत कडक अट आहे.

रिकाम्या जागेचं काय करायचं, याचे तीन मार्ग. काढता-घालता येणारा दात, जो डबीत राहतो. ब्रिज, म्हणजे मधल्या एका दाताच्या आधारासाठी दोन्ही शेजाऱ्यांना तासायचं. ते निरोगी असले तरी. आणि इम्प्लांट. ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काही केल्या निघेना, हाडाने ती आपलीच मानली होती; १९६५ साली त्यांनी तेच माणसाच्या जबड्यात केलं. आता तुमच्या जबड्यात तो स्क्रू बसवायला तीस हजारांच्या पुढे, हाड धरायला बहुधा तीन-चार महिने, आणि मग त्यावर, हो, कॅप. दरपत्रक तेच, वॉरंटी कार्ड तेच. चौथा मार्ग म्हणजे काहीच न करणे, आणि तो अतिशय लोकप्रिय आहे. त्यात मागची दाढ पुढे कलते, वरची दाढ समोर कोणी नाही म्हणून खाली उतरू लागते आणि सगळं चावणं उजवीकडे जातं.

राहता राहिला विमा. मेडिक्लेमचा हप्ता इतकी वर्षं भरताय तर एकदा विचारून घ्यावं. बहुतेक पॉलिसींत दातांचा खर्च बसत नाही. अपघाताने दात गेला आणि इस्पितळात दाखल व्हावं लागलं तरच त्याचा विचार होतो. एजंटला शांतपणे विचारावं, की तिळाचा लाडू अपघातात धरता येईल का. तो आधी हसेल, मग तुमचा चेहरा बघून गंभीर होईल आणि विचारेल, 'अ‍ॅडमिट होतात का? आणि लाडवाचा काही पंचनामा?'