पंचवीस टक्क्यांचं काय करायचं?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. मुहूर्त काढणारा दूरदृष्टीचा असावा. खासगी शाळेने प्रवेशाच्या २५ टक्के जागा गरिबांच्या मुलांना द्यायच्या आणि फी सरकारने भरायची, असं त्यात लिहिलंय. लिहायला काय जातं?

अंमलबजावणी साधी आहे. बापाने वार्षिक एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणायचा. आईने मोबाइलवर नकाशा उघडून आपलं घर दाखवायचं. खूण दोन गल्ल्या सरकली की शाळा अंतराबाहेर! मग सोडत. त्यात नंबर लागलाच, तर शाळेचा शिपाई फाटकातून सांगतो, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, सोमवारी या." कुठल्या सोमवारी, हे सांगण्याची तरतूद कायद्यात नाही.

शाळांचीही बाजू आहे. एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये द्यायचं ठरवून महाराष्ट्र सरकारने कोट्यवधी थकवले. संस्थाचालक संतापले. आता संस्थाचालक कोण? पुष्कळदा आमदार, माजी आमदार, नाहीतर गुडघ्याला बाशिंग बांधलेले. म्हणजे पैसे थकवणारे आणि थकले म्हणून रागावणारे एकाच पंगतीतले.

९ फेब्रुवारी २०२४ ला या पंगतीने तोडगा काढला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. ज्या शाळेत मंत्री आणि सचिव आपलं पोर घालणार नाहीत, ती गरिबाच्या पोराला पुरेशी आहे, असा साक्षात्कार राजपत्रात छापून आला. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने नियमांतली ही दुरुस्ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

या काळात पक्ष काय करत होते? त्यांचेही खटले चालू होते. शिवसेना २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी २०२३ मध्ये. खरा पक्ष कुणाचा, चिन्ह कुणाचं, यासाठी नामांकित वकील उभे राहिले. पोराच्या प्रवेशासाठी पालकांना आपले आपणच कोर्टाची पायरी चढावी लागली. पूर्वी पक्षाच्या कचेरीत फॉर्म भरून देणारा एखादा तरी कार्यकर्ता सापडायचा. आता तो साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, खालून दुसऱ्या रांगेत सापडतो.

आणि आपण मध्यमवर्गीय? समतेवर आपली नितांत श्रद्धा आहे. फक्त ती आपल्या बाळाच्या बाकावर येऊन बसू नये.

तेव्हा सरकारला धोरण राबवता येत नाही, ही अफवा आहे. शाळांना सूट द्यायची होती तेव्हा एक अधिसूचना पुरली. पुढच्या निवडणुकीत कुणी मत मागायला आला, तर पक्ष विचारू नका, तो तोवर बदललेला असेल. साहेबांच्या शाळेतल्या २५ टक्के जागा भरल्या का, एवढंच विचारा.