तिथीची पाऊणपट

बेटावर जायचं म्हणजे मध्ये पाणी लागतं, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांत शेवटी लक्षात आली. तोवर हॉटेल ठरलं होतं, गाडीचं सर्व्हिसिंग झालं होतं आणि मी एक एक्सेल शीट तयार केलं होतं. डिसेंबरातले तीन दिवस, लख्ख ऊन, समुद्र आणि बेटं. कुठली बेटं, एवढाच किरकोळ प्रश्न उरला होता. त्यात तीन रविवार गेले.

कोकणपट्टीला बेटांचा तोटा नाही. घारापुरीपासून मालवणच्या सिंधुदुर्गापर्यंत समुद्रात जिथे म्हणून खडकाने डोकं वर काढलंय, तिथे कुणी ना कुणी त्यावर लेणं तरी कोरलंय नाहीतर तट तरी बांधलाय. त्यामुळे निवडायला वाव भरपूर, आणि आमच्या घरात निवडणारी माणसं सहा.

मेहुण्याला युनेस्को हवं होतं. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग आहे, सिंधुदुर्ग आहे. जंजिरा नाही, कुलाबा नाही. “मग तिथे आपण कशाला जायचं, दाजी?” हा त्याचा सवाल. हा माणूस हॉटेलात मेनूकार्ड उघडत नाही; कुठल्या पदार्थाला किती चांदण्या मिळाल्यात ते मोबाइलवर बघून ऑर्डर देतो. चिरंजीवांना (वय अकरा) कधीच न जिंकला गेलेला किल्ला हवा होता, म्हणजे जंजिरा. आत्याला बेटावर देव हवा होता. “नुसत्या दगडांत काय बघायचं रे? दगड आपल्या गच्चीवरून पण दिसतात.”

बायकोचा प्रश्न सगळ्यांत छोटा होता. “बेटावर बाथरूम आहे का?”

हा रकाना मी शीटमध्ये आधी शेवटी टाकला होता. पहिल्या रविवारच्या जेवणानंतर तो पहिला आला. पुढे उत्तरं भरायला बसलो तर छातीठोकपणे ‘हो’ लिहावं असं एकच बेट निघालं, ते घारापुरी. तिथे धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी आहे, पायऱ्यांवर दुकानं आहेत, चहा आहे. पण घारापुरी सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली, आणि मेहुण्याचा डबा तिथल्या माकडाने पळवलेला. त्या डब्यात सुरळीच्या वड्या होत्या. तीस वर्षांनीही तो विषय काढलेला त्याला चालत नाही.

सिंधुदुर्गावर मात्र खरी चर्चा झाली. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला मुहूर्ताचा चिरा बसला, आत शिवाजी महाराजांचं देऊळ आहे, चहूकडे खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. आत्या हलली. देव आहे, महाराज आहेत, वर विहिरींची नावं अशी की उपासालाही चालतील. पण पुण्याहून मालवण म्हणजे तीन दिवसांतले दोन गाडीतच. मेहुण्याने लगेच “एवढं जातोय तर पुढे गोव्यात दिवाडी बेट पण करू” असं सुचवलं. दिवाडीला फेरीबोटीने जातात, तिथे शांतता आहे, जुनी घरं आहेत, असं तो फार मनापासून सांगत होता. त्याला दिवाडी नको होती, गोवा हवा होता, हे त्याच्या बहिणीने सगळ्यांसमोर सांगितल्यावर सिंधुदुर्गही रद्द झाला.

या सगळ्या गदारोळात सासऱ्यांनी एकदा, वरणभात कालवता कालवता, “मला पद्मदुर्ग बघायचाय” असं म्हटलं होतं. ते कुणी लिहून घेतलं नाही. सरकारी इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला माणूस. आपलं म्हणणं कुणी लिहून घेत नाही याची त्यांना सवय आहे.

शेवटी ठरलं ते असं: मुक्काम अलिबाग आणि मुरूड. पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला कुलाबा, दुपारी खांदेरी. दुसऱ्या दिवशी जंजिरा. तिसरा दिवस राखीव.

साडेनऊला आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर हजर. समोर कुलाबा किल्ला, आणि मध्ये, जिथे शीटप्रमाणे ‘चालत 15 मि.’ होती, तिथे समुद्र. छान निळा, उन्हात चमकणारा आणि पुरुषभर खोल.

“आज दशमी,” आत्या म्हणाली. तिचं सासर रेवदंड्याचं. चाळीस वर्षं तिने समुद्राच्या आवाजात भाकऱ्या थापल्या आहेत, आणि हे सगळं तिला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं. “दशमी म्हणजे दहा. दहाची पाऊणपट किती?”

“साडेसात,” चिरंजीव म्हणाले.

“म्हणजे साडेसातला भरती पुरी झाली. त्यात सहा मिळव. दीडला ओहोटी. आत्ता साडेनऊला तू इथे काय करतोयस?”

हा प्रश्न मला होता. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते, हे गणित कोकणातल्या आज्या बोटांवर करतात. पौर्णिमेला नाहीतर अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरदुपारच्या आसपास भरती, अष्टमीला सहा. चंद्र रोज पाऊण तास उशीर करतो, समुद्र त्याच्या मागून जातो. माझ्या शीटमध्ये टोलनाके होते, पेट्रोलपंप होते, नाश्त्याला ‘30 मि.’ होती. चंद्राचा रकाना नव्हता.

मग आम्ही तीन तास वाळूत बसलो. साडेबारापर्यंत पाणी बरंच मागे गेलं होतं. आत्या पदर खोचून उठली, आणि शेजारी घोडागाडी लावून बिडी ओढत बसलेला माणूस तिच्याकडे न बघताच म्हणाला, “आज भांग हाय, आज्जी. पानी पुरं उतरायचं नाय.”

आत्या थांबली. उधाण पुनवेला-अवसेला, अष्टमीच्या आगेमागे असतो तो भांग. तेव्हा भरतीही मोठी येत नाही आणि ओहोटीही पुरती लागत नाही. वेळ तिने मिनिटावर बरोबर काढली होती, पाणी किती उरेल हे मोजायचं राहून गेलं होतं. “विसरलेच बाई,” असं ती म्हणाली. माझ्या आयुष्यात तिच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा आलं, आणि त्यासाठी तीन तास उन्हात बसणं मला काही महाग वाटलं नाही.

घोडागाडीने गेलो. पाणी चाकाच्या आसापर्यंत, घोडा शांत, मेहुणा अशांत. कुलाब्यावर सगळ्यांचंच थोडंथोडं भागलं. आत्याला आंग्र्यांच्या वेळचं गणपतीचं देऊळ मिळालं, चिरंजीवांना तटावरच्या इंग्रजी तोफा मिळाल्या. सासरे तटाच्या दगडांपाशी रेंगाळले. मोठमोठे चिरे, मध्ये चुना नाहीच, एकावर एक नुसते बसवलेले. लाट येऊन आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. “बघा,” ते मला म्हणाले, “सांधाच नाही, तर फुटणार काय?” पुढे आणखी काही सांगणार होते, पण तेवढ्यात घोडागाडीवाल्याने शीळ घातली. पाणी वळलं होतं.

खांदेरीची गोष्ट थोडक्यात आटपतो, कारण आम्ही तिथे गेलो नाही. थळच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि वारा सुटला होता. होडीवाल्याने समुद्राकडे एकदा बघितलं आणि “बोट लागणार नाही” एवढंच सांगितलं. मेहुण्याने पैसे वाढवून पाहिले. होडीवाल्याने परत समुद्राकडे बघितलं. आत्याला काही वाईट वाटलं नाही. खांदेरीवर वेताळाचं देऊळ आहे हे कळल्यापासून तिचा नमस्कार लांबूनच होता. मेहुण्याने मात्र किनाऱ्यावर उभं राहून, मागे बेट येईल असा, बोट दाखवत फोटो काढून घेतला आणि ‘जागतिक वारसा!’ असं लिहून पन्नास जणांना पाठवला. होडीवाल्याने तो फोटो मान वाकडी करून पाहिला.

“ही उंदेरी,” तो म्हणाला. “खांदेरी तिच्या मागं.”

महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून खांदेरी बांधायला घेतली, म्हणून पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तट उभा केला. म्हणजे मेहुण्याने वारसा म्हणून पन्नास घरांत पाठवला तो शत्रुपक्षाचा किल्ला. तो फोटो त्याने अजून काढलेला नाही. त्याला सत्तेचाळीस लाइक आहेत.

दुसऱ्या दिवशी एकादशी. हे आधी कळलं असतं तर मुरूडला सुरमईची थाळी पहिल्या दिवशी खाल्ली असती, असं मेहुणा दिवसभर म्हणत होता. आत्यासमोर कुणाची हिंमत होईना. साबुदाण्याची खिचडी खाऊन आम्ही राजापुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीत बसलो.

जंजिऱ्याचं एक आहे: तो सगळ्यांना आवडतो आणि हे त्याला माहीत आहे. समोरून नुसता सलग काळा तट येत राहतो, दरवाजा दिसत नाही. होडी आता आपटणार असं वाटतं, तेवढ्यात दोन बुरुजांच्या मधून तो अचानक दिसतो. मग लाटेबरोबर वर-खाली होणाऱ्या होडीतून पायरीवर उडी. इथे आत्या पहिली उतरली, मी शेवटचा.

होडीतल्या गाइडने सगळे आकडे एकाच भावात दिले. किल्ला बावीस एकर, बुरूज बावीस, बांधायला बावीस वर्षं, आणि ती मोठी कलालबांगडी तोफ बावीस टनांची. चिरंजीव अविश्वासाने तटावरून फिरून आले आणि म्हणाले, “एकोणीस.” गाइडने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढच्या ग्रुपला पुन्हा बावीस सांगितले. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये हा किल्ला घेण्यासाठी किनाऱ्यापासून समुद्रात दगडांचा सेतू टाकायला घेतला होता, हे ऐकल्यावर मात्र चिरंजीव गप्प झाले. मागच्या खाडीकडे बघत ते बराच वेळ काहीतरी हिशेब करत होते. बायको तेवढ्यात तिच्या रकान्याचं उत्तर शोधून आली. गोड्या पाण्याचे दोन प्रचंड तलाव आहेत, असं मी उत्साहाने म्हणालो. त्यावर ती काही बोलली नाही. ते न बोलणं मी ओळखतो.

तटावरून वायव्येला, भर समुद्रात, एक लहानसा किल्ला दिसत होता. सासरे तिकडे तोंड करून उभे होते.

“बाबा, काय बघताय?” बायकोने विचारलं.

“पद्मदुर्ग,” ते म्हणाले. “मागे एकदा बोललो होतो.”

तिसरा दिवस राखीव होता, तो असा कामी आला.

पद्मदुर्गला नेहमीच्या होड्या जात नाहीत. मुरूडच्या एका मच्छीमाराला आत्याने गाठलं. द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ, या हिशेबाने साडेआठला निघालो. धक्का नाही, होडी वाळूपाशी थांबते आणि आपण उतरायचं. सासरे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले, आत्याला चिरंजीवांनी हात दिला. मी, शीटची प्रिंट खिशात घेऊन, होडी हलली त्याच क्षणी पाय टाकला आणि छातीपर्यंत समुद्रात गेलो.

जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी हा किल्ला बांधला. एक बुरूज कमळाच्या पाकळ्यांसारखा आहे, त्यावरून नाव. पण सासऱ्यांना तो बघायचा नव्हता. ते तटाच्या भिंतीपाशी गेले, आणि आम्हाला हाक मारली. वरिष्ठ आल्यावर मारावी तशी, एकदाच.

भिंतीतले दगड खाल्ले गेले होते. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने एकेक चिरा आत आत कोरत नेला होता, आणि दोन चिऱ्यांमधला चुना मात्र जागच्या जागी, कडक, पुढे आलेला. मधाच्या पोळ्यासारखी भिंत. सासऱ्यांनी दगडाच्या खळग्यात बोट घातलं, ते अर्ध्यापर्यंत आत गेलं. मग चुन्याच्या कडेवर नखाने ओरखडा काढून पाहिला. निघाला नाही.

“आमच्या वेळी दगड राहायचा आणि सिमेंट जायचं,” ते म्हणाले. मग माझ्या ओल्या शर्टाकडे बघून, “तुमचं शीट दाखवा.”

मी खिशातला लगदा काढून दिला. त्यांनी तो उघडायचा प्रयत्न केला, घडीच्या ठिकाणी चार तुकडे झाले. त्यातल्या एकावर ‘बाथरूम’ एवढंच वाचता येत होतं. बायकोने तो जपून पर्समध्ये ठेवला.

परतीच्या वाटेवर, घाट चढता चढता, मेहुण्याने सुवर्णदुर्गाचा विषय काढला. हर्णैपासून जवळ आहे, खरोखरच यादीत आहे, शिवाय एकादशी टाळता येईल. मी ‘बघू’ म्हणालो. आत्याने पिशवीतून कालनिर्णय काढून मार्चचं पान उघडलं.

तुमचा कुलाब्याचा बेत असेल तर तिथीला पाऊणने गुणा, त्यात सहा तास मिळवा, आणि अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे जात असाल तर घोडागाडीला सुटे पैसे जवळ ठेवा.