बॉनेटकाका

गाडीचं बॉनेट उघडल्याचा आवाज शेजारच्या गाडीत बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. बॉनेटकाकांना तो तिसऱ्या मजल्यावर, मिक्सर चालू असताना ऐकू येतो. लेंगा, बनियनवर घाईघाईने चढवलेला शर्ट, हात पाठीमागे, अशा थाटात ते पार्किंगमध्ये अवतरतात आणि म्हणतात, ‘‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.’’ गाडीला काय झालंय, हे अजून कुणी सांगितलेलंच नसतं.

असे काका बहुतेक सोसायट्यांत सापडतात. स्वतःची गाडी त्यांनी केव्हाच विकलेली असते. गाडी गेल्यापासून गाड्यांचं ज्ञान मात्र व्याजासकट वाढत चाललेलं असतं. हाताला ग्रीस लागू द्यायचं नाही, हे व्रत ते कसोशीने पाळतात.

काकांची खरी बहार गाडीचा ‘करंट’ गेला की येते. आमच्याकडे एका हौशी गृहस्थांनी जुनी पद्मिनी सांभाळली आहे, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. जुलैच्या पावसात ती रात्रभर उघड्यावर राहिली की सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन गरागरा फिरतं, पण पेट घेत नाही.

‘‘बॅटरी उतरलीय,’’ काका.

‘‘पण काका, इंजिन तर झकास फिरतंय.’’

‘‘फिरणं वेगळं, चालणं वेगळं.’’

या वाक्याला आजवर कुणालाही उत्तर सुचलेलं नाही.

मग गॅरेजवाला पोरगा येतो. तो काही बोलतच नाही, हीच काकांची मुख्य तक्रार. तो एका प्लगची वायर काढतो, तिच्यात सुटा प्लग खोचतो, प्लग इंजिनच्या धातूला टेकवतो आणि सेल्फ मारायला सांगतो. ठिणगी नाही. मग कॉईलकडून येणारी मधली वायर डेल्कोतून, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधून, उपटतो, पकडीने इंजिनपासून जराशी लांब धरतो. पुन्हा सेल्फ. चट्ट! निळी ठिणगी. म्हणजे बॅटरीचे बारा व्होल्ट कॉईलमध्ये जाऊन हजारो व्होल्ट होतायत, पॉइंट उघडझाप करतायत, कंडेन्सरही शाबूत आहे. घोटाळा आहे तो त्याच्यापुढे.

पोरगा असा एकेक संशयित सोडून देत असतो आणि काका नवे पकडून आणत असतात. कॉईल तापलीय. टायमिंग हललंय. पंपावर भेसळ करतात. पॉइंटमधली फट तपास, असंही ते बजावतात. ती फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते आणि काकांना ती चष्म्याशिवाय, चार हातांवरून दिसते. फीलर गेज वापरणाऱ्याला त्यांच्या लेखी अनुभव नसतो.

शेवटी पोरगा डेल्कोची टोपी काढतो. आत दव साचलेलं. कोरड्या फडक्याने टोपी पुसतो, रोटर पुसतो, बसवतो. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

‘‘दमटपणा! मी मघापासून काय सांगतोय?’’

काकांनी मघापासून दमटपणा सोडून सगळं सांगितलेलं असतं. पण त्यांना कुणी हटकत नाही. कारण पोरगा वाकलेला असताना त्याच्या डोक्यावर छत्री काकांनीच धरलेली असते. वरून त्या पोरासाठी चहाही त्यांनीच मागवलेला असतो; तो बिनासाखरेचा येतो, कारण काकूंना ती काकांच्या पथ्याची ऑर्डर वाटते. बाकीची सोसायटी गॅलरीतून बघत असते.

नव्या गाड्यांनी काकांवर अन्याय केला. पॉइंट गेले, कंडेन्सर गेला, डेल्को गेला; बऱ्याच गाड्यांत तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल आली. मेकॅनिक येतो, स्टिअरिंगखाली स्कॅनरची पिन खोचतो आणि पडद्यावरचा कोड वाचतो. काकांना हे परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटतं. किल्लीतली चिप ओळखली नाही तर कित्येक गाड्या सुरूच होत नाहीत, हे कळल्यावर तर ते दोन दिवस खाली उतरले नाहीत.

परवा सोसायटीतली एक इलेक्ट्रिक गाडी अडून बसली. ना प्लग, ना पेट्रोल, ना कार्बोरेटर. मालकाने फोनवरून कंपनीचा माणूस बोलावला. काकांनी बॉनेट उघडायला लावलं, बराच वेळ पाहिलं, आत एक साधी बारा व्होल्टची बॅटरी दिसल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ‘‘टर्मिनल सैल आहे,’’ ते म्हणाले. सगळे हसले.

तासाभराने कंपनीचा माणूस आला. त्याने लॅपटॉप जोडला, मालकाला बरेच प्रश्न विचारले आणि मग दहा नंबरचा पाना काढून टर्मिनल आवळलं. गाडी जागी झाली. ‘‘मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी ही छोटी लागतेच,’’ तो म्हणाला.

सगळ्यांनी काकांना शोधलं. ते बी विंगखाली, न पेटणाऱ्या एका स्कूटरपाशी उभे होते आणि कार्बोरेटरमध्ये कचरा असल्याचं सांगत होते.