हाय तसंच पायजे

निपाणीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येतं. बहुधा त्याचं स्वतःचं झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान असतं. त्याचं मशीन चालू करायचं म्हणजे बटण दाबून चहा सांगायचा; चहा येऊन संपतो, पडद्यावरचं गोल फिरतच असतं. सी ड्राइव्हची पट्टी लालबुंद. डेस्कटॉपवर चिन्हांची अशी दाटी, की मागच्या विठोबाची फक्त वीट दिसते. ‘नवीन फोल्डर’मध्ये ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘हेच छापायचं’. तर या मशीनला एसएसडी बसवायची, पण एका अटीवर: “हाय तसंच पायजे.” दुकानातला पोरगा म्हणतो, “काका, सगळं उडवून फ्रेश विंडोज टाकू, पळंल बघा मशीन.” ‘उडवून’ ऐकताच काकांचा हात कॅबिनेटवर जातो, सुई बघितल्यावर आईचा लेकराकडं जावा तसा.

पोरं यावर हसतात. माझ्या मते तांत्रिक बाजूनंही काकांचंच बरोबर आहे. विंडोज काय, परत मिळतं. त्याचं लायसन्स बहुधा मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलून ते जात नाही. परत मिळत नाही ती बाकीची घडी. पत्रिकेसाठी श्रीलिपी, कन्नड अर्जासाठी नुडी, आणि ज्याची सीडी कधीच हरवली त्या प्रिंटरचा ड्रायव्हर. श्रीलिपीतली जुनी फाइल तिच्या फॉन्टशिवाय उघडली, तर ‘श्री गणेश प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. अर्ध्या तासाच्या फ्रेश विंडोजनंतर ही घडी बसवायला लागणारे दिवस पोरगा हिशेबात धरत नाही, कारण ते त्याचे नसतात. उलट, अर्धवट शहाणे सी ड्राइव्ह कॉपी करून नव्या डिस्कवर पेस्ट करतात आणि मशीन मुकं बसलं की चकित होतात. सी ड्राइव्हच्या शेजारी, नजरेला न पडणारं, बूटचं एक छोटं पार्टिशन असतं. विंडोजला जागं करतं ते तेच. काकांना त्याचा पत्ताही नसतो, पण त्यांच्या ‘हाय तसंच’मध्ये ते बिनबोभाट येतं. क्लोन म्हणजे दुसरं काय?

कुणी म्हणेल, मग कचराही तसाच येणार. येणारच, आणि व्हायरस असला तर तोही. तो आधी काढलाच पाहिजे. बाकीचा कचरा नव्या घरी जाऊनही झाडता येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: युनिकोड असताना श्रीलिपीला का चिकटायचं? बरोबर आहे, बदलायला हवं, आणि काकाही ‘पुढच्या सीझनला’ म्हणून मान डोलावतात. पण भरल्या लग्नसराईत लिपी बदला हा सल्ला, ज्याला उद्या दुपारपर्यंत पत्रिका द्यायच्या नाहीत, त्यानंच द्यावा. अडचण खरी येते ती मापाची. जुनी डिस्क हजार जीबीची, नवी २४०ची. भरलेला माल तेवढ्यात मावला, तर पार्टिशन आक्रसून क्लोन होतो. नाही तर काहीतरी काढावंच लागतं. मग काका तासभर खपून एकच फाइल उडवतात, ‘फायनल’. तीही परत आणतात.

हा हट्ट या गावाला शोभणाराच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी जागची न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. तंबाखूच्या वखारीतला हिशेब आणि घरातलं भांडण मराठीतच चालू राहिलं. उताऱ्यावर कन्नड, पत्रिकेवर मराठी, आणि दोन्ही एकाच मशीनवर.

फक्त एक गोष्ट काकांनी पोराची ऐकावी. क्लोन झाला की पहिल्यांदा मशीन चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवायची. दोघींची सही एकच असते. दोन्ही जोडलेल्या दिसल्या की विंडोज गोंधळतं आणि एकीला ऑफलाइन करून टाकतं. काका डिस्क काढतात, जुन्या पत्रिकेत गुंडाळतात, वर पेनानं तारीख घालतात आणि गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवतात. त्या खणात आधीची एक असतेच.