अर्ज ऑनलाइन, खेटे ऑफिसचे

धंद्याचा एक कागद महाराष्ट्रात खरोखर घरबसल्या मिळतो. शॉप ॲक्टचा. 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतूनच मोकळं केलं. धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत नुसती सूचना द्यायची, कागद चढवायचे, की पावती हातात. कुणाच्या सहीसाठी थांबणं नाही. हे संगणकामुळे जमलं असं कुणी सांगितलं तर मानू नका. सरकारने परवानगीची अटच सोडली, म्हणून जमलं.

परवानगी जिथे शाबूत आहे, तिथे काय चालतं ते महापालिकेच्या परवाना विभागात बघावं. आमच्या भागातल्या एका बाईंनी पोळीभाजी केंद्रासाठी ऑनलाइन अर्ज भरला. भाडेकरार, जागामालकाची ना हरकत, मालमत्ता कराची पावती, सगळं स्कॅन करून चढवलं. ‘छाननी सुरू’ असं दिसू लागलं, ते दिसतच राहिलं. मग फोन आला, “ताई, तेवढी हार्ड कॉपी घेऊन एकदा ऑफिसला येऊन जा.” गेल्यावर एक त्रुटी निघाली. तिची पूर्तता केली, तर दुसरी. गाळ्याचं भाडं मात्र पहिल्या दिवसापासून चालू. बाहेरचा एजंट म्हणाला, माझ्याकडून भरला असता तर एव्हाना काम झालं असतं. तो खोटं बोलत नव्हता, संताप येतो तो याचाच.

त्यातही ती कराची पावती! दिली महापालिकेने, नोंद महापालिकेच्याच संगणकात. एका खात्याने दुसऱ्या खात्याची नोंद उघडून बघायची, एवढंच काम. ते नागरिकाच्या गळ्यात का?

कायदा नाही म्हणावं, तर तोही आहे. 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत आहे, ती टळली तर अपील आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. पण पहिलं अपील त्याच यंत्रणेतल्या वरिष्ठाकडे. उद्या जो निरीक्षक दुकान तपासायला येणार, त्याच्या खात्याविरुद्ध पोळीभाजीवाली कशाच्या बळावर अपील करणार?

हरियाणाने 2021मध्ये यावर उपाय केला. सेवेची मुदत टळली की संगणकच अपील दाखल करतो, अर्जदाराला कुणाशी वाकडं घ्यावं लागत नाही. आपल्या महापालिकांनी हे उद्यापासून करावं. आणि त्रुटी असतील त्या सगळ्या एकदाच, लेखी, अर्ज आल्यापासून आठवड्याच्या आत कळवाव्यात. नंतर आठवलेली त्रुटी अर्जदाराच्या नव्हे, ऑफिसच्या खात्यावर.